सहा पायांचा खेकडा

आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, किनाऱ्याजवळ खोली घेऊन मातीचे मासे, शिंपले आणि खेकडे घडवायला सुरुवात केली. समुद्र आपल्या रक्तातच आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. प्रत्यक्षात लाट घोट्याला लागली तरी त्यांना सर्दी व्हायची.

प्रदर्शनाला आई गेली. तिची उभी हयात मासळी साफ करण्यात गेलेली. तिने निळ्या झिलईचा एक खेकडा उचलला, उलटा करून बघितला आणि विचारलं, "जावईबापू, नांग्या सोडून याला आठ पाय हवेत. दोन कुठे गेले?"

"आई, कलेत पाय मोजायचे नसतात, भाव बघायचा असतो."

"भाव बघितला मी, चिठ्ठीवर लिहिलाय. पाय मात्र सहाच आहेत."

लोक हसले. दाजींचे कान लाल झाले. आई घरी परतल्यावर त्यांनी चिठ्ठीवर 'जखमी समुद्र' असं नाव घातलं, आणि तासाभरात खेकडा विकला गेला.

आता ते प्रत्येक खेकड्याला आठ पाय नीट करतात आणि भट्टीत घालण्याआधी दोन मोडतात. तुझ्या आईला कलेतलं काही कळत नाही, असं ताईला अजून ऐकवतात.