बाजाराच्या फाटकाचे दोन जोड

सकाळचं ऊन आधी फाटकाच्या वरच्या दांडीवर टेकलं. मग घाई न करता, गजागजावरून उतरत, गंजाच्या पापुद्र्यांत थोडं थोडं मुरत, गुरं बांधायच्या कड्यांपाशी येऊन थांबलं. दाव्यांनी घासून घासून त्या कड्या तळाशी निम्म्या झिजल्या होत्या. ऊन तिथे जरा जास्तच रेंगाळलं.

गुरांचा बाजार उठून बरीच वर्षं झाली होती. कुंपण गेलं, वजनकाटा गेला. उरलं ते एवढं फाटक. आता इथे बाग होणार होती. लोहाराने दुरुस्तीला होकार दिला तर फाटक बागेच्या तोंडाशी राहणार, नाहीतर दुपारच्या ट्रकने भंगारात जाणार.

लोहार तरुण होता आणि नकार द्यायलाच आला होता. पूर्वी एका बैलाच्या धडकेने खालची दांडी दोन ठिकाणी मोडली, तेव्हा त्याने आणि त्याच्या वडिलांनी भट्टीवर तिला एकेक जोड दिला होता. बिजागरीकडचा जोड अजून शाबूत होता. अडसराकडचा उकलला होता. उकलला तो आपलाच, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

“बाबा, नाही म्हणून सांगतो. माझा जोड टिकत नाही, दिसतंच आहे.”

हात कापू लागल्यापासून भट्टी सोडलेले वडील स्टुलावर बसले होते. “जवळ जाऊन पाहिलंस?”

“लांबूनही कळतं.”

“लांबून तर मीही देखणा दिसतो.”

बागेच्या कामावरचे इंजिनिअर हसले. “आजोबा, ट्रक बाराला येतोय हं.”

“येऊ दे. रिकामा गेला तर रडत नाही तो.” वडील लेकाकडे वळले. “माझा हातोडा कोणत्या हातात असायचा?”

“डाव्या.”

“मग बस खाली आणि बघ.”

तो गुडघ्यांवर बसला. उकललेल्या जोडावरचे घाव डावखुरे होते. ते त्याने डोळे मिटून, नुसतं चाचपूनही ओळखले असते. म्हणूनच कदाचित इथून जाताना तो इतकी वर्षं त्या जोडाकडे पाहायचं टाळत आला होता.

“लोखंड निवलं होतं तेव्हा,” वडील हळूच म्हणाले. “जोड धरणार नाही, हे मला कळलंही. पण तू शेजारी उभा होतास. तुझ्यादेखत चूक कबूल करायची लाज वाटली.”

इंजिनिअरांनी घड्याळ पाहिलं. “मग, काय ठरलं?”

“दांडी काढून न्यावी लागेल,” लोहार म्हणाला. “आठवडा लागेल. आणि कड्यांना रंग फासू नका.”

त्याने दांडीवर हात ठेवला. लोखंड उन्हाने कोमट झालं होतं. बिजागरीकडचा जोड त्याचा होता.