आगीला परका

टेम्पो भांडगावच्या वेशीतच अडवला होता. आत शलमोनची शवपेटी होती आणि तिच्यावर हात ठेवून त्याची मुलगी दबोरा बसली होती. आई गेली तेव्हा तिला घरच्याच अर्ध्या एकरात, बांधालगत पुरलं होतं. शलमोनला तिच्याशेजारी जागा हवी होती.

गावचा पुढारी विक्रम सावकाश समजावत होता. आता गावात हे चालायचं नाही, लोकांचा विरोध आहे, केडगावला मिशनची दफनभूमी आहेच.

"राग मानू नका, मॅडम. पण तुम्ही मूळचे बाहेरचेच ना," तो म्हणाला.

दबोरा खाली उतरली. "माझा बाप ह्याच गावात जन्मला. तुमच्या निम्म्या विहिरी त्यानं सुरुंग लावून खोदल्या. पाणी लागलं तवा कुणी इचारलं न्हाई, मूळचा कुठला म्हणून."

टेम्पोसमोरून कुणी हललं नाही. विहिरींच्या कामात जन्मभर शलमोनचा जोडीदार असलेला सावळारामही मागे मान खाली घालून उभा होता. ऊन चढत चाललं. बापाची आणखी शोभा नको म्हणून दबोराने शेवटी ड्रायव्हरला केडगावकडे वळायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती शिरूरच्या कॉलेजात भूशास्त्राच्या तासाला उभी राहिली. विषय पायरॉक्सीनचा होता. हे खनिजांचं एक मोठं कुटुंब. आपल्या काळ्या पाषाणात ठासून भरलेलं. नाव ग्रीक, अर्थ 'आगीला परका'. लाव्हात हे स्फटिक पाहून एका फ्रेंच पंडिताला वाटलं, हे बाहेरून येऊन अडकलेत. पुढे कळलं, ते त्याच लाव्हात जन्मले होते, लाव्हा जमिनीवर येण्याआधीच.

"मग नाव का न्हाई बदललं?" मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"दगडाला तोंड नसतं म्हणून," दबोरा म्हणाली. आवाज नको इतका चढला होता.

तास संपला तेव्हा दाराबाहेर सावळाराम उभा होता. सकाळपासून दोन एसट्या बदलून आला होता.

"मी तवा बोलाया पायजे व्हतं, पोरी. गावाला भ्यालो. आता चार माणसं तयार केलीत. शलमोनला माघारी आणू."

"पुरलेल्या माणसाला उकरत नाहीत, आप्पा."

म्हातारा रडू लागला. 'जाऊ द्या' असं दबोरा म्हणाली नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच. तिने खुर्ची पुढे केली, पेलाभर पाणी दिलं. तो बसला नाही. उभ्यानेच पाणी प्याला. पेला रिकामा होईपर्यंत ती थांबली आणि मग पुढच्या तासाला गेली.