चालू होईपर्यंत

आबासाहेब टेबलामागे वाकले, संगणकाच्या पाठीवर बोटांनी चाचपून जागा शोधली आणि ट्रॅक्टरच्या टेपातला पेनड्राईव्ह तिथं खुपसला. मग पुढं येऊन बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन पांढऱ्या ओळी उमटल्या आणि संगणक तिथंच अडला.

"अडलं. लाव अजितला फोन."

धोंडाबाई सुपात शेंगा फोडत होत्या. हात झटकून त्यांनी मोबाईल उचलला, पण नंबर लावला नाही.

"पोटच्या पोराला फसवायचं म्हंजी पाप हाय."

"पाप कसलं? मशीन माझं, पेनड्राईव्ह माझा. लाव."

दिवाळीत ही युक्ती चुकून हाती लागली होती. गाणी ऐकायला म्हणून लावलेला पेनड्राईव्ह तसाच मागं राहिला, दुसऱ्या दिवशी संगणक उठेना, आणि पुण्यात नोकरी करणारा अजित सबंध दुपार फोनवरून बापाला एकेक बटण सांगत बसला. एरवी त्याचा फोन म्हणजे बाजार समितीतली पावती: जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवतो. आबासाहेबांनी मनाशी हिशोब मांडला. नीट चालणाऱ्या मशीनवर बाजारभाव दिसत होते, बिघडलेल्या मशीनवर मुलगा मिळत होता. कळंबच्या रानातली ढोबळी मिरची इंदापूरला विकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला नफा कशात आहे हे दोनदा सांगावं लागत नाही.

पण मागच्या खेपेला हिशोब चुकला. मशीन उठायची वाट बघता बघता अजित मध्येच म्हणाला होता, "सोनल इथं नाहीये सध्या. माहेरी आहे." आबासाहेबांनी पेनड्राईव्ह नेमका तेव्हाच काढला होता. सून का गेली, कधी येणार, हे विचारायच्या आत पडदा उजळला आणि 'ठेवतो' झालं. तेव्हापासून दोघांनाही जेवण जात नव्हतं. आज सगळं ऐकल्याशिवाय पेनड्राईव्हला हात लावायचा नाही, असं आबासाहेबांनी ठरवलं होतं.

"परत बिघडलं?" स्पीकरवर अजितचा आवाज आला. "आबा, उद्या केयूरला पाठवतो. बारामतीचा आहे, ओळखीचा. मशीन उघडून बघेल, एकदाचं मिटेल."

आबासाहेब सावरून बसले. गिऱ्हाईक उठायला लागलं की त्यांचा आवाज गोड व्हायचा.

"परका माणूस कशाला? तुला कळतं तेवढं त्याला कळणार हाय व्हय? सांग तूच."

"बरं. बंद करा. चालू करताना एफ-टू दाबत राहा."

"ते वरच्या वळीत न्हवं?"

"हो आबा. दर वेळी वरच्याच ओळीत असतं."

मशीन घरघरलं. तेवढ्यात धोंडाबाईंनी तोंड मोबाईलजवळ नेलं.

"जेवलास का रं?"

"जेवलो."

"काय केलं हुतंस?"

"मागवलं बाहेरून."

"सोनल आली का?"

पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. पूर्वी अजितच्या घरातून फोन आला की मागं कुकरची शिट्टी, टीव्ही, सोनलचं 'आईंना विचारा हं' असं काहीबाही ऐकू यायचं.

"आबा, काय दिसतंय स्क्रीनवर?"

"त्याच दोन वळी."

"वाचून दाखवा."

आबासाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि खालची ओळ वाचली. "प्रेस... एनी... की." वरच्या ओळीत काहीतरी काढा म्हणून लिहिलंय, एवढं इंग्रजी त्यांना येत होतं, ती ओळ त्यांनी गिळली. अजितनंही ती विचारली नाही.

"दाबा एखादं बटण. नाही झालं तर परत बंद करा. परत चालू करा."

शेवटच्या गोणीचं वजन सांगणाऱ्या मापाड्यासारखा त्याचा आवाज खाली उतरला होता. आबासाहेबांनी बटण दाबलं. पुन्हा त्याच ओळी. पुन्हा बंद. पुढचा प्रश्न कसा काढावा याची ते मनात जुळणी करत होते.

"लेकरू दमलंय," धोंडाबाई पुटपुटल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, टेबलामागे गेल्या आणि आबासाहेब नको नको म्हणून हात हलवत असतानाच पेनड्राईव्ह उपसून त्यांनी कनवटीला खोचला.

या वेळी बटण दाबल्यावर पडदा निळा झाला. सुरू होतानाची धून वाजली, ती पुण्यापर्यंत गेली असणार. मागोमाग बाजारभावाचं पानही उघडलं. पडत्या भावात माल देऊन आलेल्या गड्याकडं बघावं, तसं आबासाहेबांनी बायकोकडं बघितलं.

"झालं वाटतं," अजित म्हणाला.

"झालं बाबा," धोंडाबाई म्हणाल्या. "ठेव तू आता. पड जरा."

दोघं 'ठेवतो'ची वाट बघत राहिले. मोबाईलचा उजेड मंदावला, पण फोन कट झाला नव्हता. पंखा ऐकू येत होता.

"आबा."

"बोल की."

"एकदा बंद करून बघा बरं. मला नाही वाटत नीट झालंय."

झकास चाललंय की, असं आबासाहेबांच्या ओठावर आलं होतं. धोंडाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी मुकाट्यानं माऊस फिरवला. पडद्यावरचे बाजारभाव गेले, घरघर थांबली. मग त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

"केलं बंद. करू चालू?"

"लगेच नको."

आबासाहेब थांबले. अजितनं घसा साफ केला.

"आई आहे ना जवळ?"

"हाय," आबासाहेब म्हणाले, आणि बटणावरचं बोट काढून घेतलं.