घरी विचारून या

ज्योतीराम गुरुजींना एकच व्यसन होतं, आणि तेही शिळं. आदल्या दिवशीचा पेपर. चाकणच्या अलीकडं, नाशिक रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात पेपर एकच यायचा, तोही मालोजी पाटलांच्या नावानं. एसटीचा कंडक्टर तो फाट्यावर टाकून जायचा. पाटलांचं वाचून झालं, ओट्यावर बसलेल्यांचं मान डोलावून झालं, की दुसऱ्या दिवशी तो शाळेत पोचायचा. गुरुजी तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी घ्यायचे.

दर शनिवारी ते पेपरचा तास घेत. एकानं बातमी मोठ्यानं वाचायची, मग गुरुजींचे ठरलेले प्रश्न सुटायचे. काय झालं? कुठं झालं? कशामुळं झालं? आणि तुझं मत काय? शेवटच्या प्रश्नाला पोरं पहिल्यापहिल्यांदा खाली बघत. मत ही चीज त्यांच्या घरात फक्त बापाकडं असायची. पण हळूहळू त्यांना कंठ फुटला. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना झाला त्या बातमीवर तर असं भांडण जुंपलं, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस बिथरली. गुरुजी पोरांना वकील करणार, असं गाव चेष्टेनं म्हणायचं. गुरुजींना ती चेष्टा गोड लागायची.

त्यांचा सगळा जीव होता शालनवर. सोनबाची ही थोरली पोरगी, तेरा वर्षांची, सहावीत. बातमी वाचायची तर अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही तिथं जाऊन बघून आली. पुढल्या वर्षी तिला सातवीच्या फायनलला बसवायचं, मग पुण्याला ट्रेनिंगला धाडायचं आणि मास्तरीण करायचं, असं गुरुजींनी मनाशी पक्कं केलं होतं. सोनबाच्या मागं लागून लागून त्यांनी त्याच्याकडून शब्दही काढला होता. "सातवी होऊ द्या गुरुजी, लगनाचं मग बघू," एवढाच तो शब्द. पण गावातल्या कुठल्याच पोरीच्या बापानं आजवर तेवढाही दिला नव्हता.

पंचावन्न सालच्या चैत्रात पेपरात बातमी आली. हिंदूंच्या लग्नाचा नवा कायदा दिल्लीत होऊ घातला होता. नवरी पंधरा वर्षांची तरी पाहिजे, नवरा अठराचा. गुरुजी हरखले. शालनसारख्या पोरींसाठी देवच पावला म्हणायचा! त्यांनी बातमी फळ्यावर लिहिली, पोरांनी पाटीवर उतरवून घेतली. मग त्यांना एक भारी कल्पना सुचली. शिकलेल्या माणसाला कल्पना सुचली की गावानं जपून राहावं.

"ही पाटी पुसायची नाही," ते म्हणाले. "घरी मोठ्या माणसांना वाचून दाखवा. त्यांचं मत विचारून या. सोमवारी चर्चा."

सोमवारी शाळेत नुसता गोंगाट. एकाची आजी म्हणाली होती, सरकारला आता आमच्या चुलीपतुर यायचं हाय व्हय? दुसऱ्याच्या चुलत्यानं पाटीच हिसकावून घेतली होती. गुरुजी खूश. गाव बोलायला लागलं होतं! मग शालन उठली.

"आमचा बा काय बोललाच न्हाई. पुन्यांदा वाच म्हनला. मी वाचलं. मग पंधरा म्हंजी भरल्याली का चालू, ते विचारलं. मी सांगितलं, भरल्याली."

"शाबास! आणि मग?"

"मग टोपी घातली आन् भोसरीला गेला."

भोसरीला कशाला, हे गुरुजींनी विचारलं नाही. ते पुढच्या पोराकडं वळले.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत सोनबा स्वतः शाळेत आला. हातात नारळ होता. त्यानं तो गुरुजींपुढं ठेवला आणि खाली वाकून पायांना हात लावला.

"लई उपकार झालं गुरुजी. तुमी पोरीकडनं सांगावा धाडला म्हनून कळलं, न्हाईतर फसलोच असतो. कायदा आला की पंधरा भरस्तवर दोन वर्सं थांबायचं, तवर स्थळ कुठलं ऱ्हातंय? भोसरीचं स्थळ हातचं व्हतं, पोरगा कारखान्याच्या कामावर हाय. वैशाखात उरकून घेतोय."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो सोनबा, उलटं समजलात तुम्ही! पोरीला शिकू द्यावं म्हणून तर कायदा. आणि पंधराची अट काही नवी नाही. ती आजही आहे."

"असंल," सोनबा शांतपणे म्हणाला. "पर आजवर कुनी वाचून दावली न्हवती."

"मग तिची सातवी? शब्द दिला होतात तुम्ही."

"दिल्ता की. पर लगीन झाल्याली पोर शाळंत बसवून मी गावात तोंड कसं दावू?" सोनबाच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं, की आपण वेळेवर शहाणपणा केला.

गुरुजी तसेच पाटलांकडं गेले. गावची पोलीस पाटीलकी मालोजींकडंच होती. कायदा मोडतोय असं सांगायचं तर त्यांनाच सांगायचं. पाटलांनी घोंगडं अंथरलं, चहा मागवला.

"बसा गुरुजी. त्याच मांडवात आमच्या नातीचंबी उरकतोय. आनखी तीन घरं तयार झाल्याती. भटजीला फुरसत न्हाई बगा, समदं तुमच्या शनवारच्या तासामुळं." पाटील मनापासून हसले. "आन् पेपर आमच्याच घरचा."

वर तालुक्याला अर्ज करावा, असं गुरुजींच्या मनात आलं. पण अर्ज फिरून फिरून पाटलांकडंच चौकशीला येणार, आणि आपली बदली मात्र घाटमाथ्यावर होणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. चहा पिऊन ते घरी आले. त्या दिवशी त्यांना स्वतःची इतकी किळस आली, की बायकोनं वाढलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं.

वैशाखात एकाच मांडवात पाच पोरी बोहल्यावर चढल्या. गुरुजींना मानानं पुढं बसवलं होतं. मुहूर्ताला थोडा अवकाश होता. हळदीनं पिवळी झालेली शालन पाटावर बसली होती. मुंडावळ्या हातानं बाजूला करून तिनं गुरुजींना जवळ बोलावलं.

"गुरुजी, आला का कायदा?"

"अजून नाही, बाळ."

"आला म्हंजी आदीची लगनं मोडत्यात?"

"नाही."

तिनं जरा विचार केला. वर्गात मत सांगायच्या आधी करायची तसाच.

"मी नीट वाचायला नको व्हतं," ती म्हणाली. "बानं दोनदा वाचून घेतलं. एकदाबी चुकले न्हाई."

मागून कौशल्याबाईनं, शालनच्या आईनं, तिला दंडाला धरून उठवलं. भटजींनी अंतरपाट धरला. कुणीतरी गुरुजींच्या हातात अक्षता दिल्या, आणि "सावधान" झाल्यावर सगळ्यांबरोबर त्यांनीही त्या टाकल्या.