बुवांच्या घरातलं जातं

चिखलोलीत नव्या टॉवरांच्या मागच्या गल्लीत बाळाजीबुवांचं कौलारू घर आहे. बुवा कीर्तनकार. दारू सोडा, पोरींना शाळेत घाला, हे त्यांनी मृदंगाच्या साथीनं जन्मभर सांगितलं. त्यांच्यामागे कोणी नव्हतं, म्हणून गावकीनं घराचं छोटं संग्रहालय केलं आणि किल्ली जयदेवकाकांकडे दिली. काका कंपनीतून निवृत्त झालेले. लहानपणापासून बुवांच्या कीर्तनात टाळ धरणारे. त्यांनी वीणा, उखळ, जातं सगळं मायेनं मांडलं. जात्याला तर चमक यावी म्हणून वॉर्निश मारलं! भोवती दोरी बांधली आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावली.

आता ते घर पाडायचं घाटत होतं. गावकीचा अध्यक्ष कमलेश हा काही वाईट माणूस नव्हे. तो सरळच बोलला, "काका, तिकडे येतं कोण? शाळेची एखादी सहल, बस. त्या जागी हॉल झाला तर गावातली लग्नं तरी होतील. रविवारी मीटिंग आहे. घर पाहिजे असं लोकांना उभं राहून बोलू दे, देखभालीची पाळी घेऊ दे. मग मी अडवणार नाही."

काका दारोदार फिरले. चहा सगळ्यांनी दिला, बुवांचं नावही आदरानं घेतलं. पण रविवार म्हटल्यावर कोणाची ड्युटी निघाली, कोणाचा बदलापूरला साखरपुडा. इंदुबाईंनी तर दारातूनच सांगितलं, की धाकट्या भाविकाची हळद तोंडावर आली आहे, आम्हाला सवड नाही.

थकून काका कमळाबाईंच्या ओट्यावर टेकले. कमळाबाई गावच्या धवलारीण; लग्नातली धवला-गाणी त्यांच्याशिवाय होत नसत. काकांनी आपलं दुखणं सांगितलं, लोकांना जुन्याची किंमत नाही म्हणून कुरकूर केली. म्हातारी भाजी निवडत ऐकत राहिली.

"लोकांना कनाला बोल लावतंस, जयदेवा? इंदूचे मोठे पोरीचे हलदीला ती जातं मागाला आयली, तवा तू काय बोललंस?"

काका चाचरले. "मावशी, बुवांची आठवण ती. फुटलं असतं तर?"

"बुवांनी कदी दलान दललंय? गावातले सगले नवरींची हलद त्या जात्यावर दलली. बुवा सोता आमाला हाक मारून आंगनात बसवीत. ज्या बायांचे हातानं ते झिजलं, त्यांनाच तू दोरीभायेर उभं केलंस. देवलातले इठोबाला रोज न्हाऊ घालतात, नेसवतात, निवद दाखवतात, म्हनून तो गावाचा. कपाटात ठेवला असता तर गाव गेला असता काय दर्शनाला?"

बुवांचं घर आपण जिवापाड जपलं, असंच काका इतकी वर्षं धरून चालले होते. आणि जपता जपता त्यांनीच ते गावापासून तोडलं होतं!

ते उठले आणि पुन्हा इंदुबाईंच्या दारात गेले. भाविकाची हळद बुवांच्या घरी दळा, असं त्यांनी सांगितलं.

"आता तुमच्या जात्याला आमचा हात चालंल काय?" इंदुबाईंनी विचारलं.

"चुकलो मी, वहिनी. तेव्हाच द्यायला पाहिजे होतं."

इंदुबाई सुपातली हळकुंडं निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघते."

काकांनी दोरी सोडली. वॉर्निश घासून काढताना त्यांचा घाम निघाला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून पाटे-वरवंटे विकणारा कारागीर आणून जात्याला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून घेतल्या. उरलंसुरलं वॉर्निश आणि कच निघावी म्हणून पहिले गहू दळून पीठ टाकून दिलं, तेव्हा कुठे कमळाबाईंनी मान हलवली.

शुक्रवारी इंदुबाई हळकुंडं घेऊन आल्या आणि बुवांचं अंगण बायकांनी भरलं. कमळाबाईंनी धवला धरला आणि टॉवरातल्या सुनांनीही जात्याचा खुंटा हातात घेऊन पाहिला. भाविकाला दोन फेऱ्यांतच धाप लागली. "आई, मिक्सर काय वाईट होता गं?" असं ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. हळकुंडं कांडताना हसण्याखिदळण्यात कोणाच्या तरी हातून मुसळ निसटलं आणि उखळाच्या काठाचा टवका उडाला. गाणं थांबलं. काकांनी टवका उचलून बाजूला ठेवला आणि ते म्हणाले, "चालू दे. गाणं कशाला थांबवलं?"

रविवारी सगळा गाव काही आला नाही. तरी इंदुबाई आल्या आणि पहिल्याच उभ्या राहिल्या. "हॉल पायजेल, पन दुसरीकडे बांधा. बुवांचे घराची सोमवारची झाडलोट आमची." मागून एकेका घरानं वार मागून घेतला. टॉवरातल्या बायकांनी शनिवार घेतला. काही जण हॉलसाठी अडून बसले, वाद झाला. शेवटी कमलेशनं सांगितलं, की या वर्षी घराला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहाला पुन्हा बसू.

एका वर्षाचीच मुदत, पण तेवढ्यानंही काकांचे डोळे भरून आले.

मंडळी, तुमच्याही गावात, कॅम्पात, पाड्यात असं एखादं घर असेल. त्याचं काय होणार म्हणून नुसतं हळहळू नका. आणि किल्ली तुमच्याकडे असेल, तर दार उघडं ठेवा. लोक आत येतील, चार वस्तू हाताळतील, एखादीचा टवकाही उडेल. उडू द्या. ज्या घरात आपण राबलो, गायलो, ते पाडायला निघालेल्या माणसासमोर उभं राहायला कोणाला बोलवावं लागत नाही.