कोरडी घागर

भैरोबाच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. कर्जतच्या बाजारालाही एवढी माणसं जमत नसत. दुष्काळी कामावरची खडी फोडायची सोडून बायका आल्या होत्या, आणि सगळे कशासाठी? तर एका मातीच्या घागरीचं बोलणं ऐकायला.

देवळाच्या कोठीच्या भिंतीलगत वाळूचा ढीग होता. त्यात निम्मी रुतवलेली घागर, तिला झेंडूचा हार. शेजारी गावात नुकतेच उतरलेले महाराज. मागं त्यांचा चेला टाळ कुटत बसलेला. तो हात थांबू देत नसे.

"बोला, कुणाला बोलवू?" महाराज गरजले. "तार न्हाई, वीज न्हाई, कंपनीचा कर्णा न्हाई! हितं डायरेक्ट वैकुंठ!"

गावात वीज आलीच नव्हती. माणसांनी हात जोडले.

शाळेतले सोपान गुरुजी गर्दीच्या कडेला दात खात उभे होते. त्यांची बायको बनुबाई तापानं गेली, त्याला दोन वर्षं झाली. आता आजीजवळ राहणारी लेक चांगुणा तापानं फणफणली होती, आणि सासू भागिरथीबाई तिला दवाखान्यात नेऊ देत नव्हत्या. कारण काल घागरीतून बनुबाई बोलली होती, "माझ्या लेकीला सुई टोचू नका. अंगारा लावा." गुरुजी बैलगाडी घेऊन न्यायला गेले, तर सासू दारात आडवी बसली.

"जावईबापू, तिच्या आईनं सांगितलंय. तुमी कोन मोडनारे?"

"मी बाप आहे, मामी."

"अन् ती आई न्हाई?"

गुरुजींनी गाडीचे बैल सोडले.

घागर कशी बोलते, हे गुरुजींना माहीत होतं. लग्नकार्यात भाड्यानं येणारा पत्र्याचा कर्णा बनुबाईला सोसत नसे. "कानात दाभण घातल्यागत वाटतं," म्हणायची. म्हणून गुरुजींनी जुन्या रेडिओतला कागदी पडद्याचा स्पीकर काढला, तिच्या चिरलेल्या घागरीत बसवला आणि ट्रान्झिस्टरला जोडला. दुकानातल्या कर्ण्याचा आवाज लांब जाई, पण किरटा होऊन. घागरीतला जवळच राही, पण भरदार, छातीतून निघाल्यासारखा. शब्दांच्या कडा तेवढ्या पुसल्या जात. कोण बोलतंय, ते ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं ठरवावं.

तीच घागर त्यांनी सकाळी चावडीवर नेऊन वाजवून दाखवली होती.

"हा बघा लाउडस्पीकर. घरी केलेला."

"गुरुजी, लाउडस्पीकर आमी बघितलाय की," चावडीवर बसलेला रंभाजी म्हणाला. "पत्र्याचा असतो. खरखरतो."

"मग हे काय आहे?"

"ही तुमची घागर. तुमच्या घागरीत रेडिओ हाय, महाराजांच्या घागरीत देव हाय."

"आत हात घालून बघितलंस?"

"देवाच्या पोटात कुनी हात घालतं व्हय?"

चावडी हसली. घागर तिथंच आपटावी, असं गुरुजींना वाटलं. पण ती बनुबाईची होती.

आता देवळापुढं भागिरथीबाई पुढं सरकल्या. महाराजांनी नेहमीप्रमाणे भिंतीकडं तोंड करून प्रश्न दोनदा ओरडून सांगितला. "बनुबाई! तुझी आई इचारतीय, चांगुणाला दवाखान्यात न्यायची का? दवाखान्यात!"

घागर घुमली आणि तेच तेच बोलत राहिली. "नको गं आई... माझ्या लेकीला सुई नको..."

क्षणभर गुरुजींनाही ती बनुबाईच वाटली. मग स्वतःचाच राग आला आणि ते गर्दीतून वाट काढत पुढं गेले.

त्या दिवशी आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. मेलेल्या माणसांच्या नावानं घरोघर घागरी भरून पुजल्या होत्या. त्र्याहत्तरचा तो दुष्काळ, पाणी टँकरचं, तरी आधी त्यांचा वाटा काढलेला.

"मामी," गुरुजी म्हणाले, "आज आखिती. बनू एवढं बोलतीय. तिला पाणी दिलं का?"

भागिरथीबाई थबकल्या. वाकून बघितलं, तर आत नुसता अंधार, पाणी कुठं चमकेना. "महाराज, घागर तर कोरडी हाय!"

"आत्म्याला तहान नसती, माई."

"आँ?" टँकरवरनं तशीच कळशी घेऊन आलेली बायडाबाई मागून कडाडली. "मग माझ्या सासऱ्याला म्या सकाळी घागर भरून ठिवली, ती काय वाया गेली?"

"पाणी लांब ठेवा! ओल्या हातानं शिवू नका! भस्म व्हाल!"

"माझी लेक घसा कोरडा करून बोलतीय, अन् पानी लांब ठिवू?" भागिरथीबाईंनी बायडाबाईच्या हातातली कळशी ओढली आणि घागरीत उपडी केली.

घागर बुडबुडली, घरघरली आणि गप्प झाली. चेल्याचे टाळ हातातच राहिले. त्या शांततेत कोठीच्या भिंतीपलीकडून एक बारीक, नाक चोंदलेला आवाज आला.

"...सुई नको गं आई... अंगारा लाव..."

सगळ्या माना भिंतीकडं वळल्या.

"बनुबाईला पडसं कधी झालं?" रंभाजी हळूच म्हणाला.

कोठीची कडी तोडली. आत महाराजांची बायको तोंडापुढं माईक धरून बसली होती. आतल्या बाईला बाहेरचं काही दिसत नव्हतं, त्यामुळं घागर बंद पडल्याचा तिला पत्ता नव्हता. शेजारी मोटारीची बॅटरी आणि आवाज वाढवायचं यंत्र. तिथून निघालेली तार भिंतीखालून, वाळूतून घागरीच्या बुडाशी गेली होती. बुडाचं भोक मेणानं बुजवलेलं. गुरुजींनी बाहेर येऊन घागरीत हात घातला आणि भिजलेला स्पीकर वर काढला. कागदाचा लगदा झाला होता. सगळं सामान दुकानातलं. महाराजांनी कर्ण्याऐवजी घागर लावली आणि बाईचा खरा आवाज टाळांत बुडवला, एवढीच करामत.

"आमच्या घरातलं हिला कसं ठाऊक?" कुणीतरी विचारलं.

"म्याच सांगितलं," भागिरथीबाई म्हणाल्या. "परवा माझ्याजवळ बसून इचारत हुती. म्या रडत समदं सांगितलं."

तोवर महाराज बायकोला तिथंच टाकून, चेल्यासह मिरजगावच्या रस्त्याला लागले होते.

भागिरथीबाईंनी रिकामी कळशी बायडाबाईला परत दिली. मग म्हणाल्या, "जावईबापू, गाडी जुंपा."

संध्याकाळी चांगुणा कर्जतच्या दवाखान्यात होती. विषमज्वर निघाला. सुया टोचल्या, औषधं दिली, पोर बरी झाली.

तिला घेऊन गुरुजी गावात शिरले, तर रंभाजी वेशीवरच भेटला. "गुरुजी, ह्यो महाराज खोटा निघाला. पन पल्याडच्या तालुक्यात एक हाय, त्याचा नारळ बोलतो म्हनं!"

गुरुजींनी कपाळावर हात मारला.

बनुबाईची ती चिरलेली घागर अजून त्यांच्या घरी वाजते. तिच्यातून बातम्या येतात, भजनं येतात. बनुबाई येत नाही. मेलेलं माणूस बोलत नाही, हे सोसावं लागतं. गुरुजी सोसतात. तुम्हीही सोसा, पण आजारी लेकराला आधी डॉक्टरकडं न्या. आणि घागर बोलायला लागली, तर हात जोडण्याआधी तो आत घालून बघा.