नव्वदाव्या सेकंदाची शिट्टी

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. रुग्णवाहिका बोलावण्यासाठी लोक जिथे फोन करतात ती खोली. माणसं अकरा, उघडी खिडकी एकही नाही. सातव्या खुर्चीवरची बाई छाती धरून खाली बसली.

मी तिचा हेडफोन बोलतोय. सगळ्यात जवळचा साक्षीदार मी. नंतर झालेल्या चौकशीत मला कोणी विचारलं नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

दोन स्पंजच्या गाद्या, एक तार आणि ओठांपाशी वाकलेला माईक, एवढाच माझा देह. पण ओठांपाशी राहणाऱ्याला शब्दाआधीचा श्वास ऐकू येतो. चार वर्षं मी ताईचा ऐकला. सगळेच तिला ताई म्हणत, शेजारच्या खुर्चीतले पिकल्या केसांचे काकासुद्धा. "घाबरू नका. हळू श्वास सोडा. गाडी निघालीय." एवढ्यावर माणसं भानावर यायची.

मग माझ्यात शिट्टी बसवली. फोन नव्वद सेकंदांपुढे गेला की कानात टीं! पुढे दर दहा सेकंदांनी पुन्हा. कामाला वेग यावा म्हणे. तिकडे कुणाचा बाप बेशुद्ध, पत्ता आठवत नाही, इकडे टीं! ही शक्कल ज्याने काढली त्याने ती एक दिवस स्वतःच्या कानात घालून बघायची होती.

तीन महिन्यांत ताईचा श्वास आखूड झाला. फोन वाजायच्या आधीच माझ्या गाद्या घामाने भिजायच्या. काकांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, चहा जास्त झाला."

त्या मंगळवारी ती एवढंच म्हणाली, "काका, मी मरतेय." खोलीने आपल्याच पत्त्यावर गाडी बोलावली. दिवसभर परक्यांना धीर देणाऱ्या त्या दहाजणांपैकी तिचा हात धरून 'हळू श्वास सोड' म्हणायचं एकालाही सुचलं नाही. तपासणीत हृदय ठणठणीत निघालं. आमचे साहेब म्हणाले, "नाटकं! फायलींच्या खोलीत बसवा."

तीन आठवड्यांनी ताई परतली ती थेट सातव्या खुर्चीवर. मला गळ्यात अडकवलं.

"काय म्हणाला डॉक्टर?" काका.

"म्हणाली. बाई आहे. चिंतेचा विकार."

"म्हणजे डोक्याचं?"

"घरात आग नसताना धोक्याची घंटा वाजते ना, तसं. घंटा खरी, आग खोटी."

"पण झालं कशाने?"

"एकाच कारणाने नाही होत. आमचे अण्णा बस चुकेल म्हणून दोन तास आधी थांब्यावर बसायचे. थोडं ते रक्तातलं. थोडा माझा स्वभाव, थोडी उडालेली झोप. आणि वर ही शिट्टी."

"मग जा की फायलींत. सुखी राहशील."

"पळाले तर घंटेला वाटेल, खरंच आग होती. उपचार चालू आहेत, काका. मी इथेच बसणार."

जमतंय का बघायला साहेबांनी एक आठवडा दिला. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एक, मग चार. पाचव्या दिवशी साहेब घड्याळ घेऊन पाठीशी उभे असताना एक मुलगी फोनवर किंचाळली. आई पडली होती, पत्ता सांगता येत नव्हता. टीं! ताईचा श्वास अडकला, मला कळलं. टीं! मग तो लांब, सावकाश बाहेर आला. "बाळा, माझ्याबरोबर श्वास सोड. आता दारातून काय दिसतं ते सांग." पाण्याची टाकी. निळं फाटक. एकोणीस शिट्ट्या झाल्या, साडेचार मिनिटं गेली, पण गाडी पोचली. आई वाचली.

"फार वेळ घेतलात," साहेब म्हणाले.

काका उठले. "घेतला. आणि बाई जिवंत आहे, तेही लिहा. माझ्याही छातीत दोन महिने धडधडतंय, तेही लिहा."

मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "माझ्याही." मग आणखी एक. अकरांपैकी सातजण निघाले! इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच भित्रे. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला, अकराही सह्यांचा. महिन्याभरात शिट्टी बंद.

आज माझी एक गादी उसवलीय, पण ताई नवा हेडफोन घेत नाही. तिची छाती अजून कधीतरी धडधडते. ती फोन घेतच राहते.

शिट्टी कोणी लावली, हे बघायला काकांनी फाईल मागवली. आदेश आहे, तारीख आहे, शिक्काही आहे. सहीची जागा कोरी आहे.